रूळ गेले भंगारात, कागद चालले रद्दीत

विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची एक बातमी दर दोन-चार वर्षांनी नव्याने फिरते. इंग्रज गेले, पण मूर्तिजापूरची ही छोटी गाडी अजून त्यांचीच. सरकार तिच्यापोटी दरवर्षी लंडनला कोट्यवधी रुपये धाडते, असा तिचा मथळा. वाचून कुणी हळहळतो, कुणी चिडतो, कुणी आणखी दहा जणांना पाठवतो. मूळ करार काय होता, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा मार्ग बांधला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने. तिचा कारभार मुंबईची किलिक-निक्सन ही पेढी पाहायची. गाड्या चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेकडे आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीकडे, अशी ही मांडणी होती. त्या काळी ती काही जगावेगळी नव्हती. सुरत-जळगाव जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वेही किलिक-निक्सनच्याच व्यवस्थापनाखाली होती. पुढे ही पेढी भारतीय मालकांच्या हाती आली. तेव्हा पैशाचा प्रश्न खरा असला, तरी त्यात लंडन किती आणि मुंबई किती, हे कराराची प्रत, वेळोवेळीच्या नूतनीकरणाचे कागद आणि लोकसभेतली उत्तरे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. ते काम कष्टाचे आहे. दंतकथा फुकट मिळते.

शकुंतलेबद्दल जे पक्के ठाऊक आहे तेही कमी रंजक नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. आणि यांच्यापासून वेगळा, पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडा. तिन्ही मार्ग कापसासाठी. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी मुख्य मार्गावर आणायच्या आणि तिथून मुंबई बंदरात. १९२१ मध्ये मँचेस्टरात बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन जोडले गेले. एकाच इंजिनाने सत्तर वर्षे ओढलेल्या या गाडीत कोण बसले, काय लादले गेले, तिच्या डागडुजीवर कोणाच्या दोन-तीन पिढ्या राबल्या, याचे सलग लेखन मराठीत जवळपास नाही.

हे एका शकुंतलेपुरते नाही. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातले नॅरोगेजचे बहुतेक मार्ग एक तर बंद पडले, नाही तर ब्रॉडगेजखाली गाडले गेले. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा बार्शी लाइट रेल्वेचा पसारा २००१ नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने बदलला. नागपूर-नागभीड २०१९ मध्ये थांबली. पाचोरा-जामनेर टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. माथेरानची गाडी पर्यटकांच्या जिवावर तगून आहे. मार्ग बंद झाला की रूळ आधी जातात, कारण लोखंडाला भाव असतो. मग स्टेशनच्या इमारतींची दारे-खिडक्या जातात. कपाटातल्या वह्या शेवटी जातात आणि त्या गेल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. नेमक्या या वह्या वाचवणे हे सरकारी कर्तव्य मानले पाहिजे, हौशी मंडळींचा छंद म्हणून सोडून देता कामा नये.

बार्शी लाइटचेच पाहा. मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला वळसा घालून गेला. कापूस, गळिताची धान्ये आणि आडतींची ही भरभक्कम पेठ स्टेशनपासून एकवीस मैलांवर राहिली. माल बैलगाड्यांतून जायचा. जीआयपी रेल्वेत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हे हेरले. १८९५ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी सुरू झाली.

काल्थ्रॉपची करामत साधी दिसते, पण तिच्यामागे पक्का हिशेब होता. त्याने इंजिन, डबे, वाघिणी या सगळ्यांच्या प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर बांधून टाकला. कुठलेही चाक त्याहून जास्त दाबणार नाही, एवढी हमी मिळाल्यावर गजाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च आटोक्यात. तरीही वाघिणी मोठ्या आणि इंजिने आठ जोडचाकांची. लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्याने आपले डबे आधी तज्ज्ञांना चालवून दाखवले, मग ते बार्शीला आले. जगभरच्या अरुंद रेल्वेवर लिहिणारे लोक आजही बार्शीचे नाव आदराने घेतात. खुद्द बार्शीतल्या किती शाळकरी मुलांना काल्थ्रॉप माहीत असेल? माणूसही अवलिया होता. मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा काल्थ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला आणि पहिल्या महायुद्धात ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट त्याने बनवले. अरबी घोडे पाळले आणि घोड्यांवर एक पुस्तकही लिहिले.

बार्शीची गाडी वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेईपर्यंत ती खासगी कंपनीचीच होती.

इथे संशोधकाची खरी परीक्षा सुरू होते. हा मार्ग एका राज्यातून जात नव्हता. बार्शी मुंबई इलाख्यात. पुढे तडवळे-लातूर निजामाच्या हद्दीत. दुसऱ्या टोकाला मिरज आणि जतसारखी संस्थाने. कंपनी लंडनची. त्यामुळे एकाच रेल्वेचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, हैदराबादच्या पुराभिलेखागारात, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरांत विखुरले गेले. मुंबईत बसून बार्शी लाइटचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला अर्धीच गाडी दिसते. लातूरच्या वाट्याचा अर्धा भाग उर्दू-फारसीतल्या निजामशाही कागदांत असणार, आणि ते वाचणारे मराठी अभ्यासक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

छापील साधनेही कमी नाहीत. सोलापूर जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटिअर गाडी येण्याआधीची बाजारपेठ आणि गाडीवाटा दाखवते. रेल्वे बोर्ड ‘बांधलेल्या आणि बांधकाम चालू असलेल्या’ मार्गांचा इतिहास ठरावीक काळाने छापायचे. त्यात मंजुरी, करार, मैलांची लांबी आणि मार्ग खुला झाल्याच्या तारखा मिळतात. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या अधिसूचना सरकारी राजपत्रात आहेत. पंढरपूरच्या यात्रा आणि कॉलरा यांची चर्चा आरोग्य खात्याच्या जुन्या अहवालांत येते आणि वारकऱ्यांच्या रेल्वेप्रवासाचा माग तिथून काढता येतो. शिवाय ‘केसरी’ किंवा सोलापूरच्या ‘कल्पतरू’सारख्या पत्रांच्या जुन्या फायली. गाडीला उशीर, तिसऱ्या वर्गातली चेंगराचेंगरी, मालाची नासाडी अशा तक्रारी कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडायच्या नाहीत. त्या वाचकांच्या पत्रव्यवहारात शोधाव्या लागतात.

जमीनही पुरावा देते, पण तो वाचायला शिकावे लागते. रेल्वेला एकदम चढ सोसत नाही की झटक्यात वळता येत नाही. म्हणून सोडून दिलेला मार्ग शिवारात लपत नाही. चौकोनी बांधांच्या मधूनच एखादा लांबलचक, सावकाश वळत जाणारा भराव दिसतो. ओढ्यावर घडीव दगडाची भक्कम मोरी आणि तिच्यावरून जाते फक्त पायवाट. उपग्रहाच्या चित्रात हीच रेघ रानाच्या रंगातून उठून दिसते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे त्या चित्राशेजारी ठेवले की कुठे नुसताच गाडरस्ता आहे आणि कुठे रूळ होते, हे ठरवता येते. लातूरच्या मार्गावर तर ही तुलना करण्यासारखी आहे, कारण जुनी छोटी गाडी धाराशिवला जातच नव्हती. ब्रॉडगेज करताना मार्ग मुद्दाम जिल्ह्याच्या ठिकाणाकडे वळवला गेला. धाराशिवला गाडी मिळाली आणि जुन्या वाटेचा काही भाग रानात उघडा पडला.

गोठ्याच्या आढ्याला, कुंपणाला, कधी देवळाच्या मांडवाला उभा केलेला जुना रूळही बोलका असतो. त्याच्या मधल्या उभ्या भागावरचा गंज घासला की उठावाच्या अक्षरांत कारखान्याचे नाव आणि वर्ष बऱ्याचदा हाताला लागते. अनुभवी माणूस इथे थबकतो. रेल्वेवाले मोठ्या मार्गावरचे झिजलेले रूळ शाखांवर आणून टाकायचे, त्यामुळे रुळावरचे साल म्हणजे मार्गाचे साल नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तर देशातल्या अनेक शाखा उखडून त्यांचे रूळ भलतीकडेच नेले गेले. एवढी सावधगिरी नसली की रुळाच्या एका तुकड्यावरून गावाचा सगळा इतिहास चुकतो, आणि चुकलेला इतिहास पुढे स्मरणिकेत छापून येतो.

आता या सगळ्यात माणसे कुठे आहेत? भारतातल्या अरुंद रेल्वेच्या इंजिनांची सर्वांत नीटस यादी इंग्लंडच्या ह्यू ह्यूजने केली. त्याच्या ग्रंथमालेचा नॅरोगेजवरचा खंड १९९४ साली निघाला. कोणते इंजिन कोणत्या कारखान्यात, कोणत्या क्रमांकाने, कोणत्या वर्षी बांधले, हे त्यात सापडते. हे काम मोलाचेच. पण इंजिनाचा कारखाना-क्रमांक मिळतो आणि त्याच मार्गावर उन्हातान्हात खडी ठोकणाऱ्या गँगमनचे नावही मिळत नाही, हे चित्र आपणच पालटायचे आहे. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपला टप्पा पायी तपासणारा चावीवाला, फाटकवाला, पाणी भरणारा, कुर्डुवाडीच्या कारखान्यातला फिटर यांच्या नोंदी हजेरीपटात होत्या. स्टेशन डायरीत बैल गाडीखाली आल्यापासून पुरात मोरी वाहून गेल्यापर्यंत सगळे टिपलेले असायचे. ट्रेन रजिस्टरात गाडी खरोखर किती वाजता आली ते, वेळापत्रकात छापलेले नव्हे. इंग्लंडमधल्या अभ्यासकाला या वह्या मिळण्याची शक्यता नाही. मिळाल्या तर त्या लातूरच्या, बार्शीच्या, कारंज्याच्या माणसालाच मिळतील.

१९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कसबे तडवळ्याच्या परिषदेला आले होते. निजामाच्या हद्दीतल्या या गावात १९०७ पासून रेल्वे होती. परिषदेला लांबून आलेले लोक कसे पोहोचले, त्या दिवसांत स्टेशनवर किती तिकिटे फाटली, जादा डबे जोडले का, हे प्रश्न रेल्वेच्या इतिहासाचे आहेत तितकेच आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचेही. छोट्या लोहमार्गाचा अभ्यास म्हणजे इंजिनवेड्यांचा विरंगुळा, असे मानणाऱ्यांनी या एका स्टेशनाचा विचार करावा.

मोठ्या मार्गांचे नशीब निराळे. भोर घाटातले रिव्हर्सिंग स्टेशन १८६३ पासून वापरात होते. तिथे गाडी थांबून उलट दिशेने पुढे निघायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडले. पण तो घाट मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा, त्यामुळे त्याची चित्रे, छायाचित्रे, अभियंत्यांचे निबंध भरपूर आहेत. त्याच मुंबईत ट्रॉम्बे ते अंधेरी असा एक लहान मार्ग १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंदही पडला. तो मुंबईकरांच्या आठवणीतून साफ पुसला गेला. महानगरातल्या मार्गाची ही गत, तर पाचोरा-जामनेर मार्गावरच्या शेंदुर्णी-पहूरची काय कथा!

काल्थ्रॉपनेच इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात बार्शीच्या धर्तीवर लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा एक चिमुकला मार्ग उभारला. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर, रुंदी तीच अडीच फूट. १९०४ मध्ये सुरू झाला, दूध आणि थोडेफार प्रवासी वाहत कसाबसा तीस वर्षे चालला आणि १९३४ मध्ये बंद झाला. बार्शीपुढे हा मार्ग म्हणजे अगदीच किरकोळ. पण रेल्वे कंपनीने जागा परगण्याच्या कौन्सिलला दिली, १९३७ मध्ये तिथे पायवाट झाली, आज तिच्यावरून लोक सायकली चालवतात आणि शेवटच्या स्टेशनावर माहिती केंद्र आहे. त्या आठ मैलांवर पुस्तके आहेत, नकाशे आहेत, इंजिनांची छोटी प्रतिरूपे आहेत. आपल्याकडच्या २०२ मैलांचे मराठीतले लेखन त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

रेल्वेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपुरात मोतीबागला २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. जुनी इंजिने रंगरंगोटी करून स्टेशनांबाहेर चौथऱ्यांवर उभी केलेली दिसतात. मात्र चौथऱ्यावर इंजिन चढते, स्टेशन डायरी चढत नाही. वारसा म्हटले की लोखंड आठवते, हीच अडचण आहे.

कायद्याची बाजू भक्कम आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा. केंद्र सरकारच्या प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा आणि कागद नष्ट करायचे तर ठरलेल्या रीतीनेच करावेत, असे तो सांगतो. १८९२ पूर्वीच्या कागदांना तर विशेष संरक्षण आहे. रेल्वे ही केंद्र सरकारचीच. तेव्हा एखादा मार्ग बंद करण्याचा किंवा बदलण्याचा आदेश निघतो, त्याच आदेशात त्या मार्गावरच्या स्टेशनांतली दफ्तरे कुठे जमा करायची, हे एका ओळीत लिहायला हरकत काय? रुळांच्या लिलावाला जेवढी कागदपत्रे लागतात त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे काम होईल.

याला दोन आक्षेप येतात. पहिला व्यवहाराचा: लोकांना गाडी हवी आहे, जुनी डायरी घेऊन काय करायचे? गाडी हवीच. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, म्हणजे काल्थ्रॉपच्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही वाट होती. रुळांची रुंदी बदलली नसती तर एवढ्या मोठ्या टाक्या त्या वाटेने येऊच शकल्या नसत्या. रुंदीकरणाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण जुन्या कागदांचा उपयोग व्यवहारातही आहे. मार्ग सरकला की जुन्या पट्ट्याची मालकी, हद्दीचे दगड, अतिक्रमणे यांचे वाद सुरू होतात. जुना भराव पावसाचे पाणी अडवून शेते बुडवतो, तेव्हा मोऱ्या कुठे होत्या हे जुन्या आराखड्यातच सापडते. कागद नसले की तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत सगळेच चाचपडतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे तर खर्च नगण्य आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत इतिहास आणि भूगोलाचे पदव्युत्तर विभाग आहेत आणि विद्यार्थ्यांना प्रकल्प करावेच लागतात. वह्यांचे पान न् पान मोबाइलवर टिपणे, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, उपग्रह-चित्रावर जुना मार्ग आखणे, एवढे एका वर्षाच्या तुकडीला सहज जमते. मुलाखतीत ‘कसे होते ते दिवस’ असे विचारू नये. हाती लागतात ते उसासे. ड्युटी किती वाजता सुरू व्हायची, पावसाळ्यात गस्तीला कंदील कोणता, क्वार्टर्सला पाणी कुठून, संपात गाडी कुणी रोखली, असे विचारावे. मग सांगणारा खुलतो आणि त्याचे म्हणणे कागदाशी ताडूनही पाहता येते. एकाच स्टेशनावरच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. निवाडा पुढचा अभ्यासक करेल.

सुरुवात पाचोरा-जामनेरपासून करता येईल. ५६ किलोमीटरचा हा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झाला, तोही मुख्यतः खानदेशच्या कापसासाठी. आता तो ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायचा आहे. पाचोऱ्यापासून शेंदुर्णी-पहूरपर्यंत या गाडीवर काम केलेली माणसे अजून भेटतात, विद्यापीठ जळगावातच आहे आणि रेल्वेचे विभागीय कार्यालय भुसावळला, तासाभराच्या अंतरावर. जिल्हाधिकारी, विभागीय रेल्वे व्यवस्थापक आणि विद्यापीठ यांनी एका बैठकीत ठरवले, तर जुन्या स्टेशनांतली उरलीसुरली दफ्तरे, जमिनीचे आराखडे आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती जळगावात एका जागी आणता येतील. ठेकेदाराने स्टेशने रिकामी करायला घेण्याआधी ही बैठक व्हायला हवी, आणि तिचा विषय खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्याच जिल्हा नियोजन समितीत मांडावा.